पुढचं घर

माझा पहिला प्रोग्राम मेला तेव्हा त्याच्या तोंडी आमच्या गावच्या पाटलांचं नाव होतं. नाव छापून झालं, पुढे चारदोन वेडीवाकडी अक्षरं उमटली, छापणाऱ्या यंत्राची, टेलिटाइपची, घंटी वाजली आणि खाली ओळ आली: मेमरी फॉल्ट. माझ्यामागे रांगेत उभा असलेला एक वर्गमित्र खांद्यावरून वाकून म्हणाला, "पाटलाच्या पुढे सरकतच नाही की हा." रांग हसली. तिथे बहुतेकांना माहीत होतं की मी कुठल्या यादीतून आलो आहे, त्यामुळे हसू जरा जास्त वेळ टिकलं.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. मुंबईच्या एका मोठ्या अभियांत्रिकी संस्थेत मी राज्य सरकारच्या राखीव जागेवर इलेक्ट्रिकलला होतो. आमच्यासारख्यांना तिथे 'सरकारचे जावई' म्हणत. जावयाला निदान पंगतीत पहिलं ताट मिळतं. आम्हाला मेसमध्ये कोपऱ्यातलं टेबल मिळायचं. संस्थेत एका थंडगार खोलीत संगणक होता. खोली थंड ठेवायची ती त्याच्यासाठी, आमच्यासाठी नव्हे. चपला बाहेर काढून आत जावं लागे. पहिल्या दिवशी ती रीत मला झोंबली, कारण चपला काढून कुठल्या दाराशी उभं राहायचं म्हटलं की माझ्या अंगावर काटा यायचा. मग कळलं की इथे फक्त धूळ चालत नाही. दारावरच्या पाटीत माणसाबद्दल काहीही लिहिलेलं नव्हतं.

परदेशात शिकून आलेल्या एका प्राध्यापकांनी येताना एक टेप आणली होती, आणि तिच्यातून सी नावाची एक नवी भाषा आमच्याकडे आली. छापील पुस्तक कुणाकडे नव्हतं. सरांकडच्या कागदांच्या फोटोकॉपीच्या फोटोकॉप्या फिरत होत्या आणि त्यात नेमके कंस पुसले गेलेले असायचे. सरांनी त्या वर्षी एक लहानशी तुकडी काढायचं ठरवलं. त्या तुकडीतल्या मुलांनी पुढे फक्त संगणक शिकायचा. इच्छुक पुष्कळ आणि यंत्रापुढे बसायला खुर्च्या मोजक्या, म्हणून सगळ्यांना एकच काम दिलं. नोंदींची एक साखळी करा. तिच्यात नोंद घालता आली पाहिजे, काढता आली पाहिजे, सगळी साखळी फाइलमध्ये साठवता आली पाहिजे आणि परत वाचता आली पाहिजे. दिवाळीच्या सुटीनंतर ज्याचा प्रोग्राम चालेल तो तुकडीत. ज्याचा चालणार नाही त्याने मुकाट्याने ट्रान्सफॉर्मर शिकावेत. या तुकडीत राखीव असं काही नव्हतं. सरांनी स्वतःच वर्गात तसं सांगितलं होतं, जरा ठासूनच.

मला ती तुकडी हवी होती. इतर कुठल्याच गोष्टीची मला तिथे इतकी हाव सुटली नव्हती. कारण साधं होतं. त्या यंत्राला मी कोण ते ठाऊक नव्हतं. ते चूक दाखवायचं ती चुकीची चूक म्हणून दाखवायचं, आणि बरोबर आलं तर 'कुणाकडून लिहून घेतलंस' असं विचारायचं नाही.

नोंदींची ही साखळी, म्हणजे लिंक्ड लिस्ट, सरांनी आगगाडीच्या डब्यांवरून समजावून सांगितली. मला ती आधीच समजलेली होती, फक्त तिला हे नाव आहे ते माहीत नव्हतं. वाशीमजवळच्या शिरपूरच्या पलीकडे आमचं गाव, आणि गावाबाहेर आमची वस्ती, बौद्धपुरा. वस्तीत विहारात बैठक असो, कुणाकडे पाळणा असो की मयत असो, एका माणसाने घरोघर फिरून निरोप देण्याची पद्धत नव्हती. पहिल्या घरी सांगायचं आणि म्हणायचं, "पुढच्या घराले सांगून देजा." पहिला दुसऱ्याला सांगायचा, दुसरा तिसऱ्याला. प्रत्येकाने फक्त आपल्या पुढचं घर लक्षात ठेवायचं. सगळी यादी कुणाच्याच डोक्यात नसायची, तरी निरोप शेवटच्या घरापर्यंत, म्हणजे आमच्या घरापर्यंत, न चुकता यायचा. सर फळ्यावर चौकोन काढत होते. एका चौकोनात माहिती, शेजारच्या लहान चौकोनात पुढच्या चौकोनाचा पत्ता. मला तिथे चौकोन दिसलेच नाहीत. मला कुडाची घरं दिसत होती.

म्हणून मी नोंदी म्हणून माझं गाव घेतलं. बाकीच्यांनी क्रिकेटपटू घेतले, सिनेनट घेतले. मी पहिलं घर पाटलांचं घातलं आणि तिथून ओळीने गाव आणत आणत नाल्यापर्यंत आलो. आता गावातला निरोप वस्तीत असा घरावरून घर येत नसे. गाव आणि वस्ती यांच्यामध्ये नाला होता. काही सांगायचं असलं तर गावातला कुणीतरी गावाकडच्या काठावर उभा राहून ओरडायचा आणि परत जायचा, आपण ऐकलं की नाही याची त्याला फिकीर नसे. गावाच्या शेवटच्या घराला पुढचं घर नव्हतं. पण प्रोग्राममध्ये साखळी तुटून चालणार नव्हती, म्हणून गावाच्या शेवटच्या घरापुढे मी आमच्या वस्तीतल्या पहिल्या घराचा पत्ता दिला. नाल्यावर पूल तेव्हाही नव्हता. मी तो एका ओळीत बांधला आणि ती ओळ लिहिताना मला फार बरं वाटलं, हे लपवत नाही.

प्रोग्राम चालला. घरं भरली, फाइलमध्ये साठवली, लगेच फाइलमधून परत वाचली. पाटलांपासून आमच्यापर्यंत सगळी घरं कागदावर बिनचूक उतरली. मी धावतच सरांना बोलावून आणलं. सर उभ्या उभ्याच म्हणाले, "आता बंद कर. पुन्हा सुरू कर आणि नुसतं फाइलमधून वाच."

आणि मग पाटलांच्या दारात ते झालं, जे वर सांगितलं.

सर हसले नाहीत. त्यांनी कागद फाडून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "फाइल तू नीट लिहिली आहेस. वाचताना काय गृहीत धरतोयस ते बघ." तोवर रांगेतला पुढचा मुलगा खुर्ची ओढत होता. सुटी दुसऱ्या दिवसापासून लागत होती.

तो कागद पिशवीत घालून मी गावी निघालो. अकोल्यापर्यंत रेल्वे, तिथून वाशीमची एस.टी. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातला एक तालुका होता. वाटभर मी कागद उघडून बसलो होतो आणि शेजारचा माणूस मला वेड लागलंय की काय अशा नजरेने बघत होता. मी ओळ न् ओळ तपासली. अर्धविराम जागच्या जागी होते. लिहिणं बरोबर होतं, वाचणं बरोबर होतं, पहिलं घर बरोबर येत होतं. दुसऱ्या घराचा पत्ता पहिल्या घराच्या नोंदीत होता, मीच तो फाइलमध्ये लिहिला होता. मग दुसरं घर सापडत का नव्हतं?

वाशीमच्या स्टँडवर बाबा घ्यायला आले होते. ते रेल्वेत गँगमन होते. वाशीमच्या लाइनवर रुळांच्या देखभालीची कामं करत, आठवडाभर तिथेच गँगच्या खोलीत झोपत आणि सुटीला सायकलने गावी येत. त्या वर्षी ते गँगचे मुकादम झाले होते आणि त्यांच्या चालण्यात जरा फरक पडला होता. त्यांनी बातमी दिली ती रस्त्यातच.

"खोली पाह्यली वाशीमात. तुही बहीन दिवाळीनंतर हायस्कुलात जाईन आता, तिले गावातून जमनार नाही. पेन्शनीतल्या गुरुजीचं घर हाय. मागच्या दोन खोल्या देतो म्हने."

"त्याहिले सांगितलं?" मी विचारलं.

"काय सांगाचं? त्याहिनं इचारलं, नोकरी काय, तं म्हटलं रेल्वे. इचारलं, पोरं काय करते, तं म्हटलं एक मुंबईले इंजिनेर होऊन राह्यला. लय खूश झाले." मग थांबून म्हणाले, "खिडकीपाशी मेज हाय तिथं. तुह्यं ते कागदाचं काम तिथं बसून करजो."

त्या मेजाचा मी फार विचार केला. आमच्या घरात मेज नव्हतं. मी आजवर जो काही अभ्यास केला तो पत्र्याच्या पेटीवर वही ठेवून, मान मोडून. खिडकीपाशी मेज, त्यावर तो कागद, बाहेर वाशीमचा रस्ता. चूक आपोआप सापडेल असंच मला वाटायला लागलं होतं.

निघायच्या दिवशी बैलबंडी आणली. मायने सगळं घर त्या बंडीत भरलं. सामान ते काय असणार. पत्र्याची पेटी, भांडी, जातं, चाळण्या, वाकळा. सगळ्यांत वर तिने बुद्धाची तसबीर ठेवली, धक्का लागून काच फुटू नये म्हणून लुगड्यात गुंडाळून. भिंतीवरून ती काढली तेव्हा मागे एक फिकट चौकोन उरला. वस्ती दारात उभी होती. आमच्या वस्तीतून असं कुणी घर उचलून शहरात गेलेलं मला आठवत नाही. बायका मायला म्हणत होत्या, "जाय बाई, आता तू शयरातली झाली," आणि माय नुसतं हो हो म्हणत होती.

गुरुजी दारातच उभे होते, पांढरं धोतर, हातात वर्तमानपत्र. चांगला माणूस वाटला. माझ्याकडे बघून म्हणाले, "हाच का इंजिनेर?" मी वाकून नमस्कार केला. बाबांनी बंडीवरचं एकेक काढायला सुरुवात केली. लुगड्याची गाठ वाटेत सैल झाली असावी. बाबांनी तसबीर उचलली आणि लुगडं घसरलं.

गुरुजींनी तसबीर पाहिली. मग बाबांना पाहिलं. मग वर्तमानपत्राची घडी घातली.

"गाव कोनतं म्हटलं होतं तुमी?"

बाबांनी गावाचं नाव सांगितलं.

"गावात कोनीकडे घर?"

मला अजून आठवतं, बाबांनी ती तसबीर खाली ठेवली नाही. दोन्ही हातांत धरून उभे राहिले आणि म्हणाले, "नाल्यापलीकडे."

"अच्छा," गुरुजी म्हणाले.

नंतर जे काही बोलणं झालं त्याची खरं म्हणजे गरज नव्हती. त्यांचा एक पुतण्या अचानक बदलून वाशीमला येणार होता. खोल्या त्याला लागणार होत्या. बाबा म्हणाले, "मागच्या हप्त्यात तं पुतन्याचं काही नवतं, गुरुजी."

"अचानक ठरलं. तुमी चांगले लोक आहा, गैरसमज नका करून घेऊ. माझं काही नाही हो. पन घरात म्हातारी आहे."

'माझं काही नाही' हे वाक्य मी पुढे आयुष्यात इतक्या लोकांकडून ऐकलं की या लोकांचं नक्की काय असतं, हे एकदा कुणाला तरी बसवून विचारायला हवं होतं. घरातली म्हातारी पडद्याआडून बघत होती. तिने तोंडातून शब्दही काढला नव्हता.

मी म्हणालो, "गुरुजी, पुतन्या केव्हा येते?"

"कायले?"

"तो येईपर्यंत राहू आमी."

गुरुजींनी माझ्याकडे असं पाहिलं जसं काही मी त्यांच्या शाळेतला पोरगा होतो आणि उलट उत्तर दिलं होतं. बाबांनी माझं मनगट धरलं. रुळावर हातोडा मारणारा हात तो, हाडापर्यंत कळ गेली. "चाल," एवढंच म्हणाले.

काढलेलं सामान आम्ही परत बंडीवर चढवत असताना गुरुजींना काय वाटलं कुणास ठाऊक, ते म्हणाले, "ऊन लय आहे. बैलाले पानी पाजा इथं." त्यांच्या अंगणातल्या टाक्यातून बैल पोटभर पाणी प्याले. आम्हाला कुणी विचारलं नाही.

बंडी परतीच्या वाटेला लागली. बहीण माझ्याशेजारी बसून होती आणि नव्या शाळेसाठी घेतलेली रिबन काढून तिने मुठीत धरली होती. मला राग येत होता तो गुरुजींचा यायला हवा होता, पण येत होता बाबांचा. काहून गप्प बसले? काहून माझा हात धरला? राग असाच असतो, जवळ कोण आहे ते बघतो. गावात शिरलो तेव्हा आमच्या बंडीकडे पाहून नाल्याच्या अलीकडचे लोक हसले, आणि पलीकडचे, आमचे, हसले नाहीत. त्यातल्या कुणीही 'काय झालं' म्हणून विचारलं नाही. सगळ्यांना कळलं होतं.

घरात शिरल्याशिरल्या मायने कामाला हात घातला. मी भिंतीला टेकून बसलो होतो आणि तिला बघत होतो. तिने पेटी उचलली आणि नेहमीच्या विटांवर ठेवली. जातं त्याच्या खळग्यात बसवलं, ते बसलंही नीट. चाळणी मागे न बघता खिळ्याला अडकवली. तसबीर भिंतीवरच्या त्या फिकट चौकोनावर टांगली. एकही वस्तू कुठे ठेवायची याचा तिला क्षणभरही विचार करावा लागला नाही. मी चिडून म्हणालो, "माय, एवढ्यात दुसरं कोनी येऊन बसलं असतं घरात तं?"

ती हसली. खरंच हसली, खोटं नाही.

"आपली जागा कोन घेते बापा? थे तं तशीच राह्यते."

मी ते ऐकलं आणि पिशवीतला कागद बाहेर काढला. कारण हेच मी गृहीत धरलं होतं. हेच, शब्दाला शब्द.

प्रोग्राम संपला की यंत्र त्याच्या नोंदींना मेमरीत दिलेली सगळी जागा परत घेतं. पुन्हा सुरू केला की ती जागा कुणाकडे गेलेली असेल, रिकामी असेल, आणखी काही असेल. फाइलमध्ये मी प्रत्येक घराची नोंद लिहिली होती आणि नोंदीसोबत पुढच्या घराचा पत्ताही लिहिला होता. पण तो पत्ता मागच्या खेपेचा. परत वाचताना मी फाइलमधून फक्त पहिलं घर आणलं आणि तिथून, आमच्या निरोपासारखा, पुढच्या घराच्या पत्त्यावर चालू लागलो. पहिलं घर सापडलं की दुसरं त्याच्या पुढे असणारच, तिसरं त्याच्या पुढे, जाणार कुठे? पहिल्या खेपेला सगळी घरं बिनचूक उतरली ती एवढ्याचसाठी की प्रोग्राम बंदच झाला नव्हता आणि जुनी घरं जागेवरच होती. त्या वर्गात ज्यांच्या वडिलांच्या बदल्या होत होत्या, ज्यांनी चार शाळा आणि पाच घरं बदलली होती, त्यांच्यापैकी एकानेही ही चूक केली नाही. त्यांनी दुसऱ्या केल्या. घराचा पत्ता बदलू शकतो हे त्यांना शिकवावं लागलं नव्हतं. आम्ही धर्म बदलला होता, देव नदीत सोडले होते, बाबांनी काम बदललं होतं. घराची जागा मात्र माझ्या खापरपणजोबापासून तीच होती. मग मी आणखी काय गृहीत धरणार होतो?

तो कागद घेऊन मी विहाराच्या ओट्यावर जाऊन बसलो आणि मागच्या कोऱ्या बाजूवर नव्याने लिहायला लागलो. जुन्या पत्त्यांवर विश्वासच ठेवायचा नाही. फाइलमधून एकेक घर वाचायचं. प्रत्येक घराला यंत्राकडे नवी जागा मागायची. मिळाली की तिचा पत्ता मागच्या घराच्या नोंदीत घालायचा, आणि शेवटच्या घरापुढे शून्य, म्हणजे पुढे कुणी नाही. लिहिताना मला हसू आलं, पण चांगलं नव्हे. यंत्राला जागा मागितली की ते एकच प्रश्न विचारतं: किती हवी? गावात कोणीकडे, असं विचारत नाही.

बाबा कामावर परत जायला निघाले होते, सायकल हातात घेऊन ओट्यापाशी थांबले. दोन दिवस आम्ही एकमेकांशी नीट बोललो नव्हतो.

"काय बिघडलं होतं त्याच्यात?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. साध्या शब्दांत, घरांचंच उदाहरण देऊन.

"म्हनजे दर खेपेले नवी जागा भेटते त्याले?"

"हो."

"अन् कोनी इचारत नाही?"

"नाही."

त्यांनी थोडा वेळ पायडल नुसतं फिरवलं. "मंग चांगलंच हाय थे," म्हणाले आणि सायकलवर टांग टाकून वाशीमच्या वाटेला लागले. माझा त्यांच्यावरचा राग तेव्हा गेला. गुरुजींवरचा अजून गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

बहिणीला त्या वर्षी हायस्कुलात घातलं नाही. वाशीमला खोली मग मिळालीच नाही. पुढे तिचं लग्न झालं, आणि ती बरी आहे. 'बरी आहे' असं म्हणायची पद्धत आहे म्हणून मी म्हणतो.

मुंबईला परतल्यावर मी नवा प्रोग्राम यंत्रात भरला. पहिल्यांदा चालवला तेव्हा सगळी घरं आली, पाटलांपासून आमच्यापर्यंत, आणि आमचं घर दोनदा आलं. वाशीमात एक खोली मिळेना आणि इथे दोन घरं. कारण शोधायला संध्याकाळ गेली. फाइल संपली आहे हे यंत्राला तेव्हाच कळतं जेव्हा ते संपलेल्या फाइलमधून वाचायला जातं आणि हाती काही लागत नाही. मी मात्र वाचणं फसलं तरी हातातली जुनीच नोंद घेऊन आणखी एक घर उभारत होतो. मग आधी वाचून बघायचं, खरंच काही हाती आलं तरच जागा मागायची, असं केलं. दुसरं घर गेलं. जरा वाईटच वाटलं.

माझी पाळी आली तेव्हा सर खुर्ची ओढून शेजारी बसले. मी प्रोग्राम चालवला, बंद केला, परत सुरू केला, फाइल वाचली. पाटलांचं नाव छापून झालं आणि मी खुर्चीची कड घट्ट धरली. मग दुसरं नाव आलं, तिसरं, नाल्याच्या अलीकडचं शेवटचं, आणि त्यापुढे, न अडखळता, आमच्या वस्तीतलं पहिलं. टेलिटाइप खडखडत राहिला.

"छान," सर म्हणाले. "आता एक घर काढून दुसरीकडे घालून दाखव. हे शेवटचं कुणाचं?"

"माझं, सर."

"तेच काढ. कुठेही घाल."

कुठेही. मी क्षणभर बोटं तशीच ठेवली. मग आमचं घर शेवटून काढलं आणि पाटलांच्या पुढे घातलं. तीन पत्ते बदलले, एवढंच काम. जात्याला हात लावावा लागला नाही की बंडी आणावी लागली नाही. साठवलं, बंद केलं, परत सुरू केलं. पाटलांचं नाव आलं आणि त्याच्या लगेच खाली माझ्या वडिलांचं.

सरांनी त्यांच्या कागदावर माझ्या नावापुढे खूण केली. "तू तुकडीत," म्हणाले. मला काय वाटलं ते सांगत बसत नाही. मान खाली घातली, डोळे भरले होते म्हणून. सर उतरलेला कागद हातात धरून वाचत होते.

"खरं गाव आहे हे?"

"हो सर. वाशीमकडचं."

"आणि घर खरंच पाटलांच्या शेजारी?" ते गमतीने विचारत होते.

"नाही, सर."

"मग गावात कुठल्या बाजूला?"

दुसरं काही सांगता आलं असतं. मी बाबांचाच शब्द वापरला.

"नाल्यापलीकडे."

"अच्छा," सर म्हणाले. मी ओळखलं. तेवढ्याच लांबीचा 'अच्छा' होता तो. मग त्यांनी कागद माझ्याकडे दिला, माझ्या पाठीवर थाप मारली आणि हसून म्हणाले, "मग तू इतका कशाला घाबरला होतास रे? तुमची जागा तर राखीवच असते."

तुकडी त्यांनीच काढली होती, राखीव काही नाही हे त्यांनीच ठासून सांगितलं होतं, आणि प्रोग्राम आत्ता त्यांच्याच डोळ्यांपुढे चालला होता. तरी ते हे म्हणाले, आणि मनात काही वाईट न आणता म्हणाले, तेच जास्त लागलं. आपली जागा तशीच राहते, हे मायही हसतच म्हणाली होती.

मी कागदाची घडी घातली, उठलो आणि मागे उभ्या असलेल्या मुलाला जागा करून दिली.